फोन बंद करून बघ

गाणं तुटतंय, अप्पा म्हणाले.
ऐकू आलं म्हणून नाही.
स्पीकरच्या जाळीवर टेकवलेल्या
दोन बोटांना कळलं म्हणून.

एकोणचाळीस वर्षं यंत्रमागावर जॉबर.
तुटका धागा हाताला सापडतो,
डोळ्याला नंतर.

मी म्हटलं, वायफायचं काहीतरी असेल.
'काहीतरी' त्यांना चालत नाही.
कापडात खोट दिसली की कापडापासून उलटं चालायचं :
फणी, वही, बीम.
कांडीवाल्या बाईला शिव्या द्यायच्याच झाल्या
तर सगळ्यात शेवटी.

तर निघालो उलटे.
विडी घरकुलातल्या दोन खोल्यांत,
एप्रिलातल्या दुपारी अडीचला,
वर पत्रा तडतडत असताना.

स्पीकरपासून तांब्याची तार, अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत.
अ‍ॅम्प्लिफायरपासून लाल-पांढरी जोडी
विडीच्या बंडलाएवढ्या त्या डबीपर्यंत,
जिथे आकड्यांचा आवाज होतो.
"हिथवर आकडे?"
हिथवर आकडे.
"आन् पुढं?"
पुढं लाट.
त्यांनी डबी तळहातावर घेतली.
कोमट होती. ठेवून दिली.

डबीमागे पत्त्यांच्या कॅटाएवढा कॉम्प्युटर,
त्याच्यामागे राउटर, मार्कंडेयाच्या फोटोला टेकून,
एका कानाला हळद लागलेला.
राउटरमधून निळी वायर भिंतीभिंतीने
कपाटावरच्या हार्ड डिस्ककडे.
तिथे सगळी गाणी.

"मग हे कशाला?"
त्यांनी माझा फोन उचलला.
त्यात गाणं नाही, अप्पा.
"ह्याच्यावरनंच लावतीस की."
तो फक्त सांगतो, कुठलं.
पटलं नाही.
"बंद करून बघ."
पूर्ण बंद केला. काच काळी पडली.
गाणं चालूच.
अप्पा दोन खोल्या भरून हसले.
"म्हंजे हा शेठ!
तिरुपतीला गेला तरी माग चालतोय."

खोट मधल्या छोट्या कॉम्प्युटरात निघाली.
गाणं भरलेलं
सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर ठिपक्यांनी,
आणि हा, कुणाला न विचारता,
अठ्ठेचाळीस हजार करून पुढे ढकलत होता.
धाप लागत होती त्याला. तिथेच तुटत होतं.

मी समजवायला कागद-पेन घेतलं.
ते आधीच पोचले होते :
"ताणा चव्वेचाळीसचा, फणी अठ्ठेचाळीसची.
नसलेले धागे आणतोय कुठनं?"
अंदाजाने भरतो.
"अंदाजाने!"
आणि त्या डब्याकडे असं बघितलं
की त्याचा अर्धा रोज कापला गेला असावा.

एक खूण काढली. जसं आहे तसं जाऊ दे.
बोटं जाळीवर स्थिर झाली,
मग समेवर हलली.

गेल्या साली सिव्हिलमध्ये
अप्पांच्या कानांचा आलेख काढला होता.
रेघ बरी चालत होती अडीच-तीन हजारांपर्यंत,
पुढे जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कारखान्यात कानात काही घालत नव्हता का?
अप्पांना प्रश्न ऐकू गेला नाही.
मीच सांगितलं, कापूस होता तिथे पुष्कळ.

कपाटापासून जाळीपर्यंत
मी एक आकडा सांडू दिलेला नाही.
जाळीपासून अप्पांपर्यंत चार फूट,
तिथे काही उघडून बघता येत नाही.

"तबला येतोय," ते म्हणाले.
"वर काय चाललंय?"
मी डाव्या कानाशी वाकले.
घुंगरं! ओरडले. बारीक!
थांबली.
आता परत!

"किती?"
किती म्हणजे?
"एका पायातली का दोन्ही?"
हे मी कधी ऐकलंच नव्हतं,
माझे दोन्ही कान शाबूत असून.

"पहिल्यापासनं लाव, अनसूये," अप्पा म्हणाले,
डोळे मिटून, बोटं तिथेच,
"आन् नीट मोज."

फोन चालू व्हायला वेळ लागत होता.